तिरक्या पृष्ठभागावरचे चुंबकीय सेन्सर सारखे कसे वागतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेन्सर मुळात उतारावर घ्यायचाच कशाला?

पातळ थराच्या चुंबकीय सेन्सरला एक जन्मजात मर्यादा असते. काही नॅनोमीटर जाडीच्या थरातलं चुंबकन थराच्या पातळीतच राहतं. त्याला थरातून बाहेर, उभं उचलायचं तर पर्मलॉयसारख्या पदार्थात (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूत) १ टेस्लाच्या आसपास क्षेत्र लागतं. पृथ्वीचं क्षेत्र मात्र ठिकाणानुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला एवढंच असतं. त्यामुळे सपाट चिपवरची पट्टी एक्स आणि वाय दिशा छान मोजते, पण चिपला काटकोनात येणाऱ्या झेड दिशेबाबत ती जवळपास आंधळी असते.

त्यावरचा एक उपाय म्हणजे तोच थर सिलिकॉनवर किंवा ऑक्साइडवर कोरलेल्या उतारावर बसवणं. थर त्याच्या स्वतःच्या पातळीतलं क्षेत्रच मोजतो, पण ती पातळीच तिरकी असल्यामुळे झेडचा काही भाग तिच्यात येतो. तिन्ही अक्ष एकाच चिपवर, एकाच प्रक्रियेत मिळतात. अडचण पुढे सुरू होते. सपाट जागेवर वर्षानुवर्षं नीट चाललेली कृती उतारावर तशीच चालत नाही.

उतारावरची पट्टी नेमकं काय मोजते?

एक उंचवटा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या डाव्या आणि उजव्या उतारावर एकेक पट्टी आहे आणि दोन्ही उतारांचा कोन थीटा आहे. दोन्ही पट्ट्यांचे पिन्ड थर, म्हणजे चुंबकन एकाच दिशेला पक्कं बांधलेले संदर्भ थर, चिपच्या एक्स दिशेकडे झुकते ठेवले, तर डावी पट्टी ‘एक्स गुणिले कोसाइन थीटा अधिक झेड गुणिले साइन थीटा’ मोजते. उजवी पट्टी ‘एक्स गुणिले कोसाइन थीटा उणे झेड गुणिले साइन थीटा’ मोजते. वजाबाकी केली की एक्स कटतो आणि झेडच्या दुप्पट साइन थीटा उरतं. दोन्ही पट्ट्या एका हाफ ब्रिजमध्ये (मालिकेतले दोन रोध, वाचन मधल्या बिंदूवर) जोडल्या तर ही वजाबाकी सर्किट आपोआप करतं.

एक्स कटतो तो दोन्ही पट्ट्या सारख्या असतील तरच. समजा एकीची संवेदनशीलता दुसरीपेक्षा २ टक्क्यांनी जास्त आहे. ४५ अंशांच्या उतारावर मग एक्सचा सुमारे १ टक्का झेडमध्ये गळतो. आडवं क्षेत्र ३० मायक्रोटेस्ला असेल, तर झेडच्या वाचनात ०.३ मायक्रोटेस्लाचं खोटं क्षेत्र दिसतं, आणि उपकरण फिरवाल तसं ते बदलत राहतं.

आता याच्या उलट बघा. दोन्ही पट्ट्या २ टक्क्यांनी चुकल्या, पण सारख्याच चुकल्या, तर गळती शून्य राहते. फक्त गेन (सिग्नलचा गुणक) २ टक्क्यांनी बदलतो आणि तो एका आकड्याने गुणून सुधारता येतो. या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी इथेच येऊन थांबतात. उतारावर सारखी चूक परवडते, असमान चूक परवडत नाही.

उतारावर थर पातळ का होतो? आणि झाला तर एवढं काय बिघडतं?

पाऊस सरळ पडत असताना सपाट अंगणात आणि उतरत्या छपरावर पडणारं पाणी आठवा. छपराच्या प्रत्येक चौरस फुटावर कमी थेंब पडतात, कारण तेवढेच थेंब जास्त पृष्ठभागावर वाटले जातात. स्पटरिंगमध्ये आयनांच्या माऱ्याने ‘लक्ष्य’ म्हणजे पदार्थाच्या तबकडीतून अणू उडवून थर लावतात. लक्ष्यातून निघालेले अणू बऱ्यापैकी सरळ येत असतील तर हेच होतं. उतारावरची जाडी सपाट जाडीच्या कोसाइन थीटा पट होते. ३० अंशांवर ती ०.८७ पट असते, ४५ अंशांवर ०.७१ पट आणि ५४.७ अंशांवर ०.५८ पट.

किती बिघडतं ते सेन्सरच्या जातीवर अवलंबून आहे. विल्यम थॉमसन यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या ए.एम.आर. परिणामावर (चुंबकनाच्या दिशेनुसार धातूचा रोध बदलणं) चालणाऱ्या सेन्सरमध्ये एकच चुंबकीय थर काम करतो. ३० नॅनोमीटर पर्मलॉयचे २१ नॅनोमीटर झाले तर रोध वाढतो, संवेदनशीलता थोडी सरकते, पण सेन्सर चालू राहतो.

जी.एम.आर. (दोन चुंबकीय थरांच्या दिशांमधल्या कोनानुसार रोध बदलणं) १९८८ मध्ये सापडला आणि आल्बेर फेर व पेटर ग्रुनबर्ग यांना त्यासाठी २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यातला सेन्सर थरांच्या चळतीवर उभा असतो. दोन चुंबकीय थरांमधलं तांबं साधारण २ नॅनोमीटरचं असतं. ४५ अंशांच्या उतारावर ते १.४ नॅनोमीटर उरतं. तांब्यातून होणारं चुंबकीय बंधन जाडीबरोबर साधारण १ नॅनोमीटरच्या आवर्तनाने उलटसुलट होतं. म्हणजे ०.६ नॅनोमीटर कमी होणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. त्यातच पिन्ड चळतीत ०.८५ नॅनोमीटरच्या आसपासचं रुथेनियम असेल, तर ते ०.६ वर येतं. तिथे रुथेनियमच्या दोन बाजूंच्या थरांची परस्परविरुद्ध दिशांची जोडी घट्ट राहत नाही आणि पिन्ड थराची दिशा मोठ्या क्षेत्रात ढळू लागते.

टी.एम.आर. सगळ्यात हळवा. त्यात दोन चुंबकीय थरांमध्ये तांब्याऐवजी पातळ विद्युतरोधक अडथळा असतो. खोलीच्या तापमानाला मोठा टी.एम.आर. १९९५ मध्ये दिसला, आणि २००४ पासून मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अडथळ्याने तो खूपच वाढला. या अडथळ्यातून विद्युतप्रवाह टनेलिंगने जातो, त्यामुळे रोध जाडीवर घातांकाने अवलंबून असतो. जाडीत ०.१ नॅनोमीटरचा फरक रोध जवळपास दुप्पट किंवा निम्मा करतो. समोरासमोरच्या दोन उतारांवर एवढा फरक पडला तर ब्रिज शून्य क्षेत्रातच वाकडा होतो.

मग थर लावतानाच कोसाइनचा हिशेब धरून जास्त लावला तर?

धरायलाच हवा. उतारावर २ नॅनोमीटर तांबं हवं असेल आणि उतार ४५ अंशांचा असेल, तर सपाट जागेच्या मापाने २.८ लावायचं. पण त्याच चिपवर एक्स आणि वायच्या सपाट पट्ट्या असतील, तर तिथे २.८ बसेल. एकाच चळतीत दोघांचं समाधान होत नाही. इथे तीन रस्ते आहेत. सपाट आणि तिरक्या पट्ट्यांसाठी थर दोनदा लावायचे, म्हणजे प्रक्रिया लांबते. किंवा जाडीतला फरक सोसेल अशी चळत निवडायची. किंवा सपाट जागा सेन्सिंगसाठी वापरायचीच नाही.

मला तिसरा रस्ता मनापासून आवडतो. उंचवट्याच्या चारही बाजू सारख्या कोनाच्या करून चारही उतारांवर पट्ट्या ठेवल्या की प्रत्येक पट्टीला तोच कोन, तीच जाडी आणि तोच खडबडीतपणा मिळतो. इथे चारही पिन्ड थर चढाकडे ठेवले, तर समोरासमोरच्या जोड्यांच्या वजाबाकीतून एक्स आणि वाय निघतात, चौघांच्या बेरजेतून झेड. हिशेब थोडा वाढतो, पण तिन्ही अक्षांचं तापमानातलं वागणं एकमेकांना धरून राहतं. सपाट आणि तिरक्या पट्ट्यांच्या मिश्र चिपमध्ये ते मिळवायला फार घाम गाळावा लागतो.

समोरासमोरच्या दोन उतारांवर जाडी वेगळी का येते? कोन तर दोघांचा सारखाच आहे.

कारण अणू वेफरवर (ज्या सिलिकॉन चकतीवर अनेक चिपा बनतात तिच्यावर) सगळीकडे सरळ वरून येत नाहीत. वेफरच्या मध्यभागी ते दोन्ही बाजूंनी सारखे येतात. कडेला मात्र केंद्राकडे तोंड असलेल्या उताराला लक्ष्याचा मोठा भाग दिसतो आणि बाहेर तोंड असलेल्या उताराला कमी. मधल्या चिपा चांगल्या निघतात आणि कडेच्या चिपांचा ऑफसेट (शून्य क्षेत्रातही दिसणारं वाचन) एका ठरावीक दिशेने सरकतो. ऑफसेटचा वेफर नकाशा काढला आणि त्यात मधून कडेकडे जाणारी, डावीउजवीकडे चिन्ह बदलणारी आकृती दिसली, तर कारण बहुतेक हेच असतं. लक्ष्य आणि वेफर यांतलं अंतर वाढवणं किंवा मध्ये कॉलिमेटर (तिरके अणू अडवणारी जाळी) ठेवणं, दोन्हींनी फायदा होतो. किंमत मोजावी लागते ती थर लावण्याच्या वेगात.

अनेक यंत्रांत लक्ष्य बाजूला तिरकं असतं आणि वेफर फिरतो. इथे एक साधी गोष्ट हमखास निसटते. समजा १ नॅनोमीटरचा थर सेकंदाला ०.०५ नॅनोमीटर वेगाने लागतोय. म्हणजे २० सेकंद. वेफर मिनिटाला ३० फेऱ्या घेत असेल तर तेवढ्यात १० फेऱ्या होतात आणि प्रत्येक उताराला सारखा वाटा मिळतो. फेऱ्या मिनिटाला २ असतील तर पाऊण फेरीसुद्धा पूर्ण होत नाही. जो उतार त्या वेळी लक्ष्यासमोर होता तो जाड, त्याच्या पाठीमागचा पातळ. सपाट वेफरवर हा दोष फारसा जाणवत नाही, कारण सपाट जागेला फेरीच्या कोणत्याही क्षणी लक्ष्य दिसतच असतं. म्हणून सपाट सेन्सरसाठी मंजूर झालेली कृती उतारासाठी उचलताना फिरण्याचा वेग आणि सगळ्यात पातळ थराचा वेळ शेजारी लिहून बघा. पूर्ण फेऱ्यांचा आकडा जितका मोठा तितकं बरं.

कोन किती ठेवावा?

झेडसाठी उपयोगी पडतो साइन, थर चांगला राहायला हवा कोसाइन. २० अंशांवर जाडी ०.९४ पट म्हणजे जवळपास सपाटासारखी राहते. पण झेडचा वाटा ०.३४ एवढाच येतो, आणि ४५ अंशांच्या तुलनेत झेडमधला नॉइज दुपटीहून थोडा जास्त होतो. ३० अंशांवर तो सुमारे १.४ पट असतो. टी.एम.आर. चळतीसाठी मी ३० अंशांच्या आसपास सुरुवात करायला सांगेन. एकच थर असलेल्या ए.एम.आर.साठी ४५ किंवा त्याहून जास्त चालतो.

कोन कसा तयार होतो, यावर त्याची स्थिरता ठरते. १०० दिशेचा सिलिकॉन वेफर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोरला तर ५४.७ अंशांचा उतार मिळतो. हा कोन स्फटिकच ठरवतो, त्यामुळे आज आणि सहा महिन्यांनी तो तोच येतो, आणि पृष्ठभागही गुळगुळीत असतो. फोटोरेझिस्ट (प्रकाशाने आकार देता येणारा लेप) तापवून गोलसर वितळवायचा आणि त्याचा आकार कोरड्या एचिंगने (प्लाझ्माने कोरून) खाली उतरवायचा, ही दुसरी पद्धत. तिच्यात कोन आपल्या मर्जीचा घेता येतो, पण तो तापमान, वेळ, रेझिस्टची जाडी आणि एचिंगचं गुणोत्तर या सगळ्यांवर हलतो. शिवाय उतार बाकदार होतो. वर एक कोन, मध्ये दुसरा, पायथ्याशी तिसरा.

वेफर मुळातच अर्धा अंश तिरका कापलेला असेल तर?

स्फटिकाने कोन ठरतो तिथे हा प्रश्न खरा आहे. तिरकेपणा ०.५ अंश असेल तर पृष्ठभागाच्या संदर्भात एक उतार ५५.२ अंशांचा आणि समोरचा ५४.२ अंशांचा होतो. पण त्यांच्यातला आपसातला कोन बदलत नाही. सगळी जोडी अर्ध्या अंशाने वळलेली असते एवढंच. म्हणजे एक्समधून झेडमध्ये सुमारे ०.९ टक्के गळती दिसेल, पण ती अक्ष फिरल्यामुळे दिसणारी गळती आहे. तापमानाने ती हलत नाही आणि कॅलिब्रेशनमध्ये पूर्ण निघून जाते. जाडीतला फरक मात्र त्यासोबत येतो, अडीच टक्क्यांच्या जवळपास. तो टी.एम.आर.ला झेपत नाही.

पट्टी उतारावर कुठे आणि कशी ठेवावी?

मध्यावर, आणि उताराला आडवी. डोंगरावरची पायवाट एकाच उंचीवरून जाते तशी.

पट्टी उंचीच्या एकाच रेषेवर असली की तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोन, जाडी आणि लिथोग्राफीचा (प्रकाशाने आकृती छापण्याचा) फोकस सारखा राहतो. लांबट आकारामुळे फ्री थराचं (बाहेरच्या क्षेत्राप्रमाणे फिरणाऱ्या थराचं) चुंबकन पट्टीच्या लांबीकडे राहतं आणि मोजण्याची दिशा उताराच्या चढाकडे येते. आपल्याला हवी तीच. उतारावर उभी पट्टी ठेवली तर तिचं एक टोक माथ्याच्या वळणावर आणि दुसरं पायथ्याच्या कोपऱ्यात जातं. दोन्ही जागा वाईट.

माथ्यावर फोटोरेझिस्ट पातळ होतो, पायथ्याशी तो साचतो. एकाच प्रकाशमात्रेत वरची पट्टी अरुंद आणि खालची रुंद येते. रुंदी बदलली की आकारामुळे चुंबकनाला येणारी एका दिशेची ओढ, म्हणजे अ‍ॅनायसोट्रॉपी बदलते आणि तिच्यासोबत संवेदनशीलता. फिरवून पसरवण्याऐवजी रेझिस्ट फवारला तर साचणं बरंच कमी होतं.

उतार उंच करण्याचा मोहही टाळा. एक उंच उतार घेण्यापेक्षा काही मायक्रॉन उंचीचे पुष्कळ बुटके उतार ओळीने घ्या आणि प्रत्येकावर एकच पट्टी ठेवून त्या मालिकेत जोडा. फोकस सांभाळता येतो, आणि एकेका पट्टीतली किरकोळ तफावत सरासरीत विरते.

खोबण बरी की उंचवटा?

उंचवटा. खोबणीत दोन भिंती एकमेकींसमोर असतात. थर लावताना त्या एकमेकींवर सावली टाकतात आणि आयन मिलिंग (आयनांच्या माऱ्याने नको तो धातू काढणं) करताना एका भिंतीवरून उडालेला धातू दुसरीवर जाऊन बसतो. टी.एम.आर. पट्टीच्या कडेला असा धातू चिकटला तर अडथळ्याला बाजूने वाट मिळते आणि सिग्नल मरतो. खोबणच घ्यायची असेल तर तिचा तळ रुंद आणि सपाट ठेवा.

उताराच्या खडबडीतपणाची किती काळजी करायची?

जेवढी जाडीची करता तेवढीच. कोरड्या एचिंगने केलेला उतार सपाट पॉलिश केलेल्या वेफरइतका गुळगुळीत कधीच नसतो. पृष्ठभागाच्या लाटा थरांत वरपर्यंत जशाच्या तशा उमटतात आणि पिन्ड व फ्री थरांत एक अनाहूत बंधन तयार होतं. याला नेल बंधन किंवा संत्र्याच्या सालीचं बंधन म्हणतात. त्यामुळे फ्री थराचा वक्र शून्यापासून बाजूला सरकतो. भरीत भर म्हणजे तिरके पडणारे अणू स्तंभासारखी वाढ करतात आणि थराला एक स्वतःची आवडती दिशा देतात. ती उताराच्या बाजूप्रमाणे बदलते.

कोरल्यानंतर ऑक्साइडचा एक थर चढवून पृष्ठभाग भरून घेतला किंवा हलक्या आयन माऱ्याने तो साफ केला, तर फरक डोळ्यांना दिसतो. प्रोब स्टेशनवर समोरासमोरच्या दोन पट्ट्यांचे रोध-क्षेत्र वक्र मी एकावर एक ठेवून बघतो. चांगल्या वेफरवर दोन्ही रेषा जवळपास एकच दिसतात. खडबडीत उताराच्या वेफरवर एक वक्र डावीकडे सरकलेला, दुसरा थोडा फुगलेला, आणि जाताना-येताना त्याची वाट वेगळी. हे चित्र एकदा नजरेत बसलं की आकडे येण्याआधीच दोष कळतो.

पिन्ड थराची दिशा उतारावर कशी ठरवतात?

क्षेत्रात तापवून. पिन्ड थराखाली प्लॅटिनम-मँगनीज असेल तर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला, मोठ्या क्षेत्रात अ‍ॅनीलिंग करतात. थंड होताना पिन्ड थर क्षेत्राच्या उतारावर पडलेल्या छायेची दिशा धरतो. आडवं एक्स क्षेत्र दिलं तर एका उतारावर दिशा चढाकडे, समोरच्यावर उताराकडे. दुसऱ्या उत्तरातला झेड ब्रिज यातूनच तयार होतो. उभं झेड क्षेत्र दिलं तर चारही उतारांवर दिशा चढाकडे. चार उतारांच्या रचनेला हे सोयीचं आहे, पण मग झेडची बेरीज साध्या हाफ ब्रिजने मिळत नाही, पट्ट्या वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. एकाच चिपवर परस्परविरुद्ध दिशा हव्या असतील तर लेसरने एकेक जागा तापवणं हा एक व्यवहार्य मार्ग आहे.

भट्टीत वेफर क्षेत्राशी नीट काटकोनात किंवा समांतर बसला नाही, तर चूक दोन्ही उतारांवर असमान पडते. वेफर धरणारी चौकट ही किरकोळ वस्तू समजू नका.

कॅलिब्रेशनने हे सगळं शेवटी सुधारता येत नाही का?

काही सुधारता येतं. तीन अक्षांच्या हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये (एकसारखं क्षेत्र देणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांमध्ये) सेन्सर ठेवायचा, प्रत्येक दिशेला ज्ञात क्षेत्र द्यायचं आणि तीन गुणिले तीनचा संवेदनशीलतेचा कोठा (मॅट्रिक्स) काढायचा. त्याचा व्यस्त कोठा चिपमध्ये साठवला की कोनातली चूक, अक्षांचं वळण आणि गेनमधला फरक निघून जातो.

हिस्टेरिसिस (क्षेत्र वाढताना आणि कमी होताना वेगळं वाचन) निघत नाही, कारण तो मागच्या क्षेत्रावर अवलंबून असतो. तापमानाने वेगवेगळं वागणाऱ्या दोन पट्ट्याही एका तापमानाच्या कोठ्याने जुळत नाहीत. २५ अंशांवर सुंदर शून्य दाखवणारा ब्रिज ८५ अंशांवर सरकला, तर मूळ कारण बहुतेक वेळा जाडीतल्या फरकातच सापडतं. पट्टीच्या लांबीच्या दिशेने येणारं क्षेत्रही थेट सिग्नल देत नाही, पण फ्री थराला ताठ किंवा सैल करून संवेदनशीलता बदलतं. त्यासाठी शेजारी छोटं बायस चुंबक ठेवावं लागतं, कोठा पुरत नाही.

उताराऐवजी फ्लक्स गाइड वापरला तर हा त्रासच टळेल ना?

टळेल, पण दुसरा येईल. मऊ चुंबकीय पदार्थाचा तुकडा उभं क्षेत्र वळवून सपाट पट्टीवर आडवं करतो. थर सपाटच राहतो हा मोठा फायदा. मात्र त्या तुकड्याचा स्वतःचा हिस्टेरिसिस, जास्त क्षेत्रात त्याचं संपृक्त होणं आणि पट्टीपासूनच्या अंतरातली चूक हे सगळं सिग्नलमध्ये येतं. कमी क्षेत्राच्या होकायंत्रासाठी दोन्ही पद्धती चालतात. जवळ जोरदार चुंबक येण्याची शक्यता असेल तिथे मी उतार निवडेन.

माझा सेन्सर साधाच आहे, फक्त तो यंत्राच्या तिरक्या भागावर चिकटवायचा आहे. हे सगळं मला लागू आहे का?

नाही. तुमचा प्रश्न अक्ष फिरवण्याचा आहे. तीन अक्षांचा सेन्सर घ्या, बसवल्यानंतर जागेवरच कॅलिब्रेट करा. उपकरण हलणारं असेल तर ॲक्सेलरोमीटरने गुरुत्वाची दिशा घेऊन वाचन फिरवा. चिकटवताना चिपवर ताण येऊ देऊ नका.

नव्या रचनेत पहिल्यांदा काय तपासावं?

उताराचा छेद. सपाट वेफरवर क्ष-किरण परावर्तनाने जाडी मोजून उतारावर ती कोसाइनने गुणणं हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. वेफरच्या मध्यातून एक आणि कडेतून एक चिप घ्या, समोरासमोरच्या दोन्ही उतारांचा आडवा छेद काढा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजा. चारही ठिकाणचे तांब्याचे किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडचे आकडे एका ओळीत लिहा. मध्यातले दोन जुळत नसतील तर फिरण्याचा वेग बघा. मध्यातले जुळतात पण कडेचे जुळत नाहीत, तर लक्ष्याचं अंतर बघा. चारही जुळतात आणि तरीही ऑफसेट आहे, तर पट्ट्यांची रुंदी आणि मग अ‍ॅनीलिंगची चौकट बघा. हा छेद महाग आणि वेळखाऊ वाटतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी ठेवला जातो. तो पहिल्या वेफरवरच काढा.